बायकांच्या घोषणा 'कर्कश' नव्हत्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या आतल्या पानावर आमच्या भागातल्या बायकांनी पाण्यासाठी काढलेल्या मोर्चाची बातमी होती. जेमतेम सहा ओळींची. 'महिलांच्या कर्कश घोषणांनी कार्यालयाचा परिसर दणाणून गेला' हे त्यातलं एक वाक्य. त्याच दिवशी दुपारी आमच्या मागच्या चाळीतली एक बाई पेपरची घडी घेऊन माझ्याकडे आली. घोषणा तिने दिल्या होत्या, बाकीच्यांनी मागून साथ धरली होती. सातवीपर्यंत शिकलेली आहे, पेपर रोज वाचते. त्या ओळीवर बोट ठेवून ती म्हणाली, ''बाई, कर्कश म्हंजे वाईटच न्हवं? आमी पाणी मागाय गेल्तो, भांडाय न्हाई.''

मी ३१ वर्षं शाळेत मराठी शिकवलं, पण त्या क्षणी मला तिला नीट उत्तर देता आलं नाही. 'तसं नसतं गं, ती लिहायची पद्धत असते,' एवढंच म्हणाले. ती गेल्यावर तेच वाक्य मला टोचत राहिलं. लिहायची पद्धत म्हणजे काय? शब्दाला अर्थ असतो आणि या शब्दाचा अर्थ तिला बरोबर कळला होता.

संध्याकाळी लाल पेन घेऊन तोच अंक परत वाचला. 'कर्कश' एकूण चार ठिकाणी सापडला. मोर्चातल्या बायकांच्या घोषणा कर्कश, वरातीतल्या डीजेचा आवाज कर्कश, रुग्णवाहिकेचा सायरन कर्कश आणि हायवेवर करकचून लागलेले ब्रेकही कर्कश. या चार आवाजांचा एकमेकांशी काही संबंध नाही. त्यातला खरोखर कर्कश एकच, तो ब्रेकचा.

हा शब्द संस्कृतातून आला आणि तो मुळात कानाचा नव्हे, हाताचा आहे. कर्कश म्हणजे खरखरीत, खडबडीत, कठीण. आयुर्वेदात पदार्थाचे गुण सांगतात त्यात गुळगुळीत ते श्लक्ष्ण आणि त्याच्या उलट ते कर्कश. मी वर्गात हा शब्द शिकवताना पारिजातकाचं पान मुलांच्या हातात फिरवत असे. फूल इतकं नाजूक, पण पान असं की सुताराच्या पॉलिश पेपरवरून बोट फिरवल्यासारखं वाटतं. मुलं पान चोळायची, मग मी फळ्यावर शब्द लिहायची. संस्कृतात वादविवादात मुरलेल्या पंडिताला 'तर्ककर्कश' म्हणतात. तर्क घासून घासून ज्याची बुद्धी कणखर झाली, तो. म्हणजे या शब्दात एके काळी मानही होता.

मग तो कानापर्यंत कसा आला? 'कर्णकर्कश' या जोडशब्दातून पाहा. मूळ शब्द स्पर्शाचा, म्हणून त्याच्या आधी 'कर्ण' लावावा लागला. कानाला खरखरीत लागतं ते कर्णकर्कश. कानाला कडू लागतं ते कर्णकटू. तिथे जिभेचा शब्द उसना घेतला. आवाजासाठी आपली भाषा सतत असं उसनं आणते. आवाज गोड असतो, पातळ असतो, जाड असतो, भरदार असतो, कोवळा असतो, फाटका असतो. पुढे कर्ण गळून पडला असावा, नुसता कर्कश राहिला आणि आता सगळ्यांना वाटतं की हा जन्मापासून आवाजाचाच शब्द आहे. जो आवाज नकोसा, तो कर्कश. आणि त्यातही उंच असला तर हमखास.

उंच आणि कर्कश यांतला फरक मला व्याकरणाच्या पुस्तकाने शिकवला नाही. तो माझ्या वडिलांनी शिकवला. ते मिरजेत तंतुवाद्यांच्या एका कारखान्यात जवारी काढायचं काम करायचे. मिरजेबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर जी घोडी बसवलेली असते, तिच्या पाठीला इतका हलका बाक द्यावा लागतो की तार तिच्यावर नुसती टेकत नाही, घासत घासत सुटते. त्यातून त्या एका तारेतून अनेक सूर झंकारतात. हा बाक कानसेने, मग पॉलिश पेपरने, मग नुसत्या हाताच्या अंदाजाने काढायचा. केसभर जास्त गेलं की आवाज चिरकतो, केसभर कमी राहिलं की बसतो. शेवटी तारेखाली सुताचा एक धागा सरकवतात, त्याला जीव म्हणतात. तो जागेवर आला की वाद्य बोलायला लागतं.

मी सात-आठ वर्षांची असताना आप्पांनी एकदा माझा तळहात तंबोऱ्याच्या भोपळ्यावर ठेवला. मधल्या दोन तारा, ज्यांना जोड म्हणतात, त्या एकाच सुरात लावायच्या असतात. त्यांनी मुद्दाम एक तार थोडी उतरवली आणि दोन्ही छेडल्या. हाताखाली भोपळा थरथरला. एकसारखा नव्हे, हप्त्याहप्त्याने, लाटांसारखा. तार अजून उतरवली, लाटा जवळ जवळ आल्या. अजून उतरवली, तर लाटा वेगळ्या कळेनात आणि हाताखाली नुसती खरखर उरली. कानालाही तेव्हाच नको झालं. मग त्यांनी मणी सरकवत सरकवत तार परत चढवली. खरखर विरली, लाटा लांब झाल्या, आणि एका क्षणी भोपळा असा गप्प झाला की मला वाटलं आवाजच थांबला. थांबला नव्हता. दोन तारा एक झाल्या होत्या. ''बघ,'' आप्पा म्हणाले, ''आता गुळगुळीत लागतंय का न्हाई?''

मोठी झाल्यावर कळलं की हे शास्त्रही आहे. दोन जवळचे सूर एकत्र वाजले की त्यांच्या फरकाइतक्या लाटा दर सेकंदाला उठतात. त्या थोड्या असतील तर कानाला झोका वाटतो, सेकंदाला काही दहांच्या घरात गेल्या की खरखर वाटते. कर्कश आवाज म्हणजे हाच, असा खडबडीत झालेला आवाज. करकचून लागलेल्या ब्रेकमध्ये घासण्यातून बेसूर कंपनं एकदम उठतात, म्हणून तो कर्कश. सूर उंच आहे का खाली, याच्याशी कर्कशपणाचा थेट संबंध नाही. खर्जातलाही आवाज कर्कश होतो आणि टिपेचाही रेशमासारखा असू शकतो.

मिरजेत राहून हे वेगळं सांगायची गरज पडू नये. थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेब इथे राहिले. १९३७ साली ते गेल्यावर त्यांना मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात मूठमाती दिली गेली आणि त्यांच्या स्मरणार्थ उरुसात आजही गाणं होतं. खाँसाहेबांचा आवाज उंच आणि बारीक होता. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्म १९०५ चा, मिरजेचा. त्यांचाही आवाज उंच पट्टीचा, नाजूक. त्या आवाजांना कर्कश म्हणायचं कुणाच्या मनातही येणार नाही. म्हणजे उंच आवाज गाण्याच्या मैफलीत असला की गोड आणि पाण्याच्या मोर्चात असला की कर्कश, असं आपण ठरवून टाकलं आहे का?

बाईचा आवाज उंच असणारच. पुरुष बोलतो तेव्हा त्याचे स्वरतंतू सेकंदाला साधारण सव्वाशे वेळा हलतात, बाई बोलते तेव्हा दोनशेच्या आसपास. तिचे स्वरतंतू आखूड असतात, एवढंच त्याचं कारण. तिने ओरडून काही सांगितलं की तो आकडा आणखी वर जातो. ही शरीराची ठेवण आहे, स्वभाव नव्हे. पण मराठीत 'कर्कशा' हे नाम आहे आणि ते फक्त भांडखोर बाईसाठी आहे. पुरुषासाठी तसं नाम नाही. वार्ताहराने कर्कश लिहिलं तेव्हा त्याच्या मनात वाईट नसेल, पण वाचणाऱ्या बाईच्या कानावर त्या शब्दाच्या मागून कर्कशा हा शब्द येतोच. चाळीतल्या त्या बाईला तोच ऐकू आला.

आता सायरनचं. मिरज दवाखान्यांचं गाव आहे, इथे दिवसरात्र रुग्णवाहिका येतात, कर्नाटकातून येतात, सोलापूरकडून येतात. त्यांचा सायरन उंच असतो, चढतो-उतरतो, कारण माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण दोन ते पाच हजार कंपनांच्या पट्ट्यातला आवाज सगळ्यात आधी जाणवतो. तो आवाज टोचलाच पाहिजे, त्याशिवाय रस्ता मोकळा कोण करणार? त्याला तीव्र म्हणा, टोकदार म्हणा. कर्कश म्हटलं की तो उपद्रवाच्या यादीत जाऊन बसतो.

आणि डीजेला कर्कश म्हणणं तर मला धोक्याचं वाटतं. डीजेचा जीव खालच्या आवाजात असतो. खिडकीच्या काचा थरथरतात, मांडणीवरची भांडी वाजतात, छातीत धक्के बसतात. तो दणदणाट आहे. कर्कश वाचलं की लोकांना वाटतं, कानात कापूस घातला की भागलं. पण खालचे सूर भिंतींना सहज जुमानत नाहीत, कापसाला तर मुळीच नाही. आमच्या गल्लीतल्या एका आजोबांना वरातीच्या वेळी दार-खिडक्या लावून आतल्या खोलीत बसवलं होतं. दणका तिथेही पोचत होता आणि ते छातीवर हात ठेवून बसले होते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावायला बंदी आहे. बातमीत हे आकडे द्या आणि आवाजाला त्याच्या नावाने हाक मारा. दणदणाट, धडधडाट, दणका. वाचणाऱ्याला कळेल की त्रास छातीला होतो आहे.

शब्द नेमका असावा हे कायद्यालाही कळतं. माझा भाचा ट्रक चालवतो. त्याच्या ट्रकचा म्युझिकल हॉर्न काढायला लावला तेव्हा नियमाचा कागद तो माझ्याकडे वाचून घ्यायला आला होता. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, त्यातला ११९ वा. वाहनाला कसला आवाज करणारं साधन नको, ते सांगताना त्या इंग्रजी मजकुरात चार वेगवेगळी विशेषणं आहेत : हार्श, श्रिल, लाऊड, अलार्मिंग. भाचा म्हणाला, ''मावशी, हे चारी एकच न्हाई का?'' मी त्याला मराठीत फोडून सांगितलं. पहिला कर्कश. दुसरा किनरा, बारीक आणि कानात घुसणारा. तिसरा नुसता मोठा. चौथा दचकवणारा, घाबरवणारा. चार दोष वेगळे, म्हणून चार शब्द. आपण मात्र इंग्रजीतल्या श्रिललाही कर्कश म्हणून मोकळे होतो आणि घोटाळ्याची सुरुवात तिथेच होते.

किनरा हा किती छान शब्द आहे! माझ्या लहानपणी मिरज जंक्शनात तीन मापांचे रूळ होते. लातूर लाइनच्या छोट्या इंजिनाची शिट्टी किनरी होती, पुण्याच्या गाडीची त्याहून भरदार. अंथरुणात पडल्या पडल्या आम्ही गाडी ओळखायचो. चिरका हा आणखी वेगळा, मधेच फुटणारा. मिसरूड फुटणाऱ्या पोरांचा असतो तसा. घोगरा म्हणजे घशात अडकलेला. भसाडा म्हणजे मोठा, जाड आणि बेताल. टिपेचा म्हणजे वरच्या सप्तकातला, त्यात दोष काहीच नाही. आणि खणखणीत. पूर्वी बंदा रुपया दगडावर टाकून पारखायचे. खोटा बद्द वाजायचा, खरा खणखणायचा. ज्या आवाजात खोट नाही तो खणखणीत. मोर्चातल्या बायकांच्या घोषणांसाठी आपल्या वार्ताहराच्या हाताशी हा शब्द तयार होता.

मोराचा आवाजही काही गोड नाही, कानाला तो चरचरतो. तरी मोरोपंतांनी देवाला घातलेल्या सादेला 'केकावली' नाव दिलं. केका म्हणजे मोराचा टाहो. मेघाकडे पाहून मोर जसा टाहो फोडतो तसा मी तुझ्याकडे पाहून फोडतो आहे, असा भाव. पाण्यासाठी वर पाहून ओरडणाऱ्याचा आवाज त्यांना देवापुढे न्यावासा वाटला. मला आमच्या गल्लीतल्या बायका आठवल्या, म्हणून हे लिहिते आहे. दोन दिवस नळ कोरडा राहिला की घागरी घेऊन कोण फिरतं, हे काही मी सांगायला नको.

माझा स्वतःचा आवाजही उंच आहे. लग्नानंतर सासरी मला सारखं 'हळू बोल' असं सांगितलं जायचं. पुढे वर्गात साठ-साठ मुलं, बाहेर रस्ता, वर पत्रा. पाऊस पडायला लागला की शिकवणं म्हणजे ओरडणंच. पन्नाशीच्या आसपास माझा आवाज बसला तो उठेना. बोलताना खर्रखर्र व्हायचं, वरचे सूर लागेनात, प्रार्थना म्हणताना हवाच बाहेर यायची. डॉक्टरांनी घशात नळी घालून पडद्यावर दाखवलं. दोन स्वरतंतूंवर समोरासमोर तिळाएवढ्या दोन गाठी आल्या होत्या. ''तंतू मिटताना मध्ये फट राहते, बाई. शिक्षकांना होतं हे,'' ते म्हणाले. पडद्यावर ते तंतू मिटायला बघत होते, त्या दोन तिळांवर अडत होते आणि फटीतून हवा निसटत होती. मला एकदम जवारी आठवली. केसभर जागा चुकली होती.

तीन आठवडे जवळजवळ मौन आणि मग लहान मुलासारखं बोलायला शिकणं. श्वास कुठून घ्यायचा, शब्द कुठे सोडायचा. वर्गात डस्टरने टेबल वाजवून मुलांना गप्प करायची. चौथीतली एक मुलगी रोज विचारायची, ''बाई, आवाज आला?'' चार महिन्यांनी आला. म्हणून मी सांगू शकते, कर्कश आवाज आतून कसा असतो. माझा झाला होता तेव्हा. तो दुखणाऱ्या घशाचा आवाज होता. त्याआधीचा माझा उंच आवाज कर्कश नव्हता आणि त्या मोर्चातल्या बायकांचाही नाही.

आपल्याकडे माझी मागणी मोठी नाही. बातमी चुकली म्हणून माफी नको. उपसंपादकांच्या टेबलावर एवढं सांगावं की माणसाच्या आवाजाला कर्कश लिहिण्याआधी एकदा थांबावं. आवाज खरखरत होता का नुसता उंच होता, ते बातमी आणणाऱ्याला विचारावं. उंच असेल तर उंच लिहावं. ठाऊक नसेल तर विशेषण गाळावं, बातमीचं काही अडत नाही. त्या बातमीत बायका कशासाठी आल्या होत्या, किती दिवस पाणी नव्हतं, कार्यालयात कोण भेटलं, हे काहीच आलं नाही. सहा ओळींतला एक शब्द त्यांच्या आवाजाची प्रत ठरवण्यात गेला.

परवा मी मागच्या चाळीत जाऊन त्या बाईला हे सगळं सांगितलं. पारिजातकाचं पानही नेलं होतं. तिने ते बोटांत धरून चोळलं आणि म्हणाली, ''असं न्हवं माझं.'' मग चहा ठेवला.

आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं, पहाटे सव्वापाचच्या सुमारास. नळाला पहिली फुसफुस झाली की हीच बाई दारात उभी राहून हाक देते, ''आलं गं पाणी!'' चार गल्ल्या उठतात. काल पहाटे मी मुद्दाम जागी होते. आप्पांची जुनी बाजाची पेटी काढून ठेवली होती. तिची हाक आली तशी पट्टी शोधली. 'गं' मधल्या सप्तकातल्या काळी पाचवर लागला होता, अगदी स्वच्छ.

कळावे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, मिरज